निशी-कसाईतलं आयर्लंड

शैलजाताई, वाद अर्धवट टाकून उठायची तुमची पद्धत नव्हती. मी चपला घालून लिफ्टपर्यंत पोचलेली असायचे आणि तुम्ही दारातून हाक मारायचात, एक मुद्दा राहिला म्हणून. त्या एका मुद्द्यापायी आमच्या घरी किती वेळा जेवणाला उशीर झाला ते माझ्या नवऱ्याला विचारा. आणि आता तुम्हीच उठून गेलात. समोर कोणी नसताना भांडायचं कसं, हे काही तुम्ही मला शिकवलं नाहीत. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अजून दोन आठवडेही झालेले नाहीत, तेव्हा कुठे तोल गेला तर सांभाळून घ्या.

तुमचं शिक्षण, नोकरी, तुम्ही इथे कधी आलात, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. एक जण तर तुम्हाला शांत आणि मनमिळाऊ म्हणाले. मी सुधीररावांकडे पाहिलं. बायको जाऊन चार दिवस झालेला तो माणूस, पण त्याही स्थितीत त्यांच्या ओठाची कड हलली. तुम्ही मनमिळाऊ होतात हे कबूल. शांत मात्र फक्त झोपेत.

आपण दोघी एकाच लाटेत इथे आलो. नव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली माणसं बँकांच्या कामासाठी टोकियोत यायला लागली आणि त्यांच्यामागून आम्ही बायका प्रेशर कुकर घेऊन आलो. माझा नवरा आणि सुधीरराव एकाच प्रोजेक्टवर. मी सत्तावीस वर्षांची, तुम्ही चाळिशी ओलांडलेल्या, आणि तुमची मुलगी मुक्ता तेव्हा तिसरी-चौथीत. साताऱ्याच्या कॉलेजातली इतिहासाची कायम नोकरी सोडून तुम्ही आला होतात. पीएचडीही अर्धीच राहिली होती. ब्रिटनच्या राजकारणात आयर्लंडचा प्रश्न कसा वापरला गेला, असा तिचा विषय. तुमच्या सामानात मसाल्यांपेक्षा पुस्तकं जास्त निघाली तेव्हा आम्ही मागून हसलो होतो. नंतर वर्षभर हिंग मागायला तुम्ही आमच्याकडे यायचात.

शनिवारी दुपारी आपल्या निशी-कसाईत, वॉर्डच्या हॉलमध्ये, आम्हा बायकांची बैठक असायची. इंग्रजी समजणारा डॉक्टर कोणता, मुलांना जपानी शाळेत घालायचं की कोतोमधल्या इंडियन शाळेत, कुठल्या दुकानात तुरीची डाळ आली आहे, असे आमचे विषय. दुसऱ्याच महिन्यात तुम्हाला त्याचा कंटाळा आला. हॉलच्या बुकिंगसाठी मंडळाचा उद्देश लिहून द्यावा लागायचा, तो तुम्ही आम्हाला न विचारता "आयर्लंडचा अभ्यास" असा लिहून दिलात. ऑफिसातल्या माणसाने तो प्रामाणिकपणे बाहेरच्या फलकावर लावला. पुढच्या शनिवारी दोन जपानी बायका नाचाचे बूट घेऊन हजर. आयरिश नाच शिकायला! त्यातली एक वाकून वाकून माफी मागत निघून गेली. दुसऱ्या मोरी-सान. तुम्ही त्यांना चकली दिलीत, बसवलंत, आणि तुमच्या त्या वेळच्या जेमतेम जपानीत आयर्लंडचा नकाशा काढून दाखवलात. मोरी-सान त्यानंतर एकही शनिवार चुकल्या नाहीत. बूट मात्र पुन्हा आणले नाहीत.

आम्हाला आयर्लंडशी काय देणंघेणं होतं? काही नाही. पण तुम्ही सांगायला लागलात की ते घरातलं वाटायचं. ब्रिटनमधल्या दोन पक्षांचं भांडण तुम्ही दोन जावांच्या भांडणासारखं सांगायचात. एकीला आयरिश खासदारांच्या मतांवर सरकार टिकवायचं, म्हणून ती स्वराज्याचा कायदा आणते. दुसरीला ते सरकार पाडायचं, म्हणून ती उत्तरेकडच्यांना चिथावते. कायदा येतो, पडतो, पुन्हा येतो, लॉर्डांच्या सभागृहात अडतो, शेवटी मंजूर होतो तर महायुद्ध सुरू होतं म्हणून गुंडाळून ठेवला जातो. मोरी-सानांनी एकदा विचारलं की या सगळ्यात आयर्लंडच्या लोकांना कोणी विचारलं का. तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणालात की हीच माझी पीएचडी. आणि मग थोड्या खाली आवाजात, की जी झाली नाही.

मग डब्लिनच्या पोस्टातलं बंड, पुढाऱ्यांना गोळ्या घालून सरकारने ओढवून घेतलेला लोकांचा राग, गनिमी लढाई, आणि अखेर लंडनची बोलणी. इथे आपली दोघींची वाट फुटली. मुख्य पुढारी स्वतः डब्लिनला राहिला आणि त्याने दुसऱ्यांना लंडनला धाडलं. इंग्रजांच्या पंतप्रधानाने त्यांच्यासमोर मसुदा ठेवला. राज्य मिळेल, पण पुरतं नाही. उत्तरेकडचा तुकडा बाजूला राहील. आणि तुमच्या लोकप्रतिनिधींना राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागेल. सही करा, नाहीतर युद्ध. त्यांनी घरी न विचारता सही केली. डब्लिनमध्ये एकच गदारोळ झाला, काठावरच्या मतांनी तह मंजूर झाला, आणि कालपर्यंत एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. सही करून आलेला माणूस वर्षाच्या आत आपल्याच माणसांच्या गोळीने गेला.

आम्ही त्या दोघांना नावं ठेवली होती, लंडनवाला आणि डब्लिनवाला. मी लंडनवाल्याची. माझे वडील डोंबिवलीत युनियनचं काम करायचे, करारावर सही करून आले की निम्मे कामगार हार घालायचे आणि निम्मे शिव्या घालायचे. टेबलावर बसलेल्यालाच कळतं समोरचा किती ताणू देईल, हे मी त्या घरात पाहिलेलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं माझं साधं म्हणणं. तुम्ही डब्लिनवाल्याच्या. शेंडी तुटो की पारंबी तुटो, पण शपथ म्हणजे शपथ, आणि ज्याच्यासाठी माणसं मेली ते तोंडाने खोडायचं नाही. शिवाय दुसऱ्याच्या नावाने सही करणाऱ्याने आधी त्याला विचारायला नको का? यावर तुम्ही कधी मागे हटला नाहीत.

तुमचा तो नियम नसता तर आपली भांडणं तिथल्यासारखीच विकोपाला गेली असती. वाद घालायच्या आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची, आणि तीही अशी की समोरच्याने "बरोबर, हेच म्हणायचंय मला" असं कबूल करावं. त्यानंतरच आपलं तोंड उघडायचं. साताऱ्याला तुम्ही पोरांना हेच करायला लावायचात म्हणे. आमच्यातल्या दीपालीने हा नियम फोनवर सासूबाईंवर वापरून पाहिला. सासूबाईंना इतकं बरं वाटलं की त्या तीन महिन्यांसाठी राहायला आल्या. त्यानंतर बरेच दिवस दीपाली तुमच्याकडे रागाने बघायची.

आणि तरीही, ताई, लबाडी तुम्हीच करायचात. डब्लिनवाल्याची बाजू माझ्याकडून वदवून घ्यायचात, "बरोबर" म्हणायचात, आणि तुमची पाळी आली की हॉलची वेळ संपलेली असायची. एवढ्या वर्षांत लंडनवाल्याची बाजू तुमच्या तोंडून मी ऐकलीच नाही. एकदा मीच तुम्हाला कोंडीत पकडलं होतं. तुमचा डब्लिनवाला पुढे काही वर्षांनी निवडून आला, आणि जी शपथ नको म्हणून एवढं रक्त सांडलं तिचीच वही पुढे येताच त्याने सही केली. बायबल बाजूला सारलं, ही शपथ नाही, नुसता उपचार आहे म्हणाला, आणि सभागृहात जाऊन बसला. मग आधीच का नाही केली, असं मी विचारलं. मधली माणसं कशासाठी मेली? तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात की एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या दिवशी जिंकूनही मला मुळीच आनंद झाला नाही.

हे सगळं पुस्तकातलं होतं तोवर ठीक होतं. मग मुक्ता वीस वर्षांची झाली.

तिला अँब्युलन्सवर काम करायचं होतं. शाळेत असल्यापासून. सायरन ऐकू आला की ती गॅलरीत धावायची हे मी पाहिलंय. इथे अँब्युलन्स अग्निशमन दलाची, आणि त्यात भरती व्हायचं तर जपानी नागरिक असावं लागतं. जपान दोन पासपोर्ट ठेवू देत नाही, आपला देशही देत नाही. म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करायचा आणि इथल्या ऑफिसात अधिकाऱ्यासमोर एक शपथ वाचून सही करायची. ओसीआय कार्ड, म्हणजे भारताचा जन्मभराचा व्हिसा, मिळेल, येता-जाता येईल, अशी सुधीररावांनी समजूत घातली. तुम्ही म्हणालात की इंग्रजांनीही आयर्लंडला असंच काहीतरी देऊ केलं होतं, आणि उठून भांडी घासायला गेलात.

त्या शपथेचं वाक्य मुक्ताने घरी आणून दाखवलं होतं. एकच वाक्य. संविधान आणि कायदे पाळीन, कर्तव्यं करीन, चांगली नागरिक होईन. तुम्ही ते मला बोलावून वाचायला दिलंत. मी वाचलं आणि म्हटलं, ताई, यात वाईट काय आहे?

"काहीच नाही. तीच तर पंचाईत आहे," तुम्ही म्हणालात. "वाईट असतं तर मी फाडून टाकलं असतं. स्वाती, मी नोकरी सोडली, पीएचडी सोडली, आई गेली तेव्हा वेळेवर पोचले नाही. हे सगळं मी परत जायचंय असं धरून सोडलं. आता ही मुलगी परत यायचा दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेतेय, आणि मी तिला म्हणू, लाव?"

मी म्हटलं, करू दे तिला. तुमच्यासाठी तो दरवाजा असेल, तिच्यासाठी ती भिंत आहे. तिचं घर हेच आहे.

तुम्ही तो कागद माझ्या हातातून काढून घेतलात. दारापर्यंत सोडायलाही आला नाहीत. त्यानंतर आपली छोटी यादवी सुरू झाली. शनिवारी तुम्ही हॉलमध्ये येईनाशा झालात. कचरा टाकायच्या दिवशी खाली भेट व्हायची, तेव्हा हवेबद्दल बोलायचो, जपान्यांसारखं. थंडी वाढली नाही का, हो वाढली. मोरी-सान मला म्हणाल्या की तुम्ही दोघी इतक्या नम्रपणे बोलताना पाहून मला भीती वाटते. मला राग होता, ताई. आजही थोडा आहे. मी तुमच्या मुलीची बाजू घेतली म्हणजे तुमच्या विरुद्ध गेले, असं तुम्ही धरलंत. मी तुमच्यावर जीव टाकत होते हे तुम्हाला दिसायला हवं होतं.

घरातही तुमचा आणि मुक्ताचा अबोला. ती अर्ज न भरता थांबली. वीस वर्षांची, कायद्याने मोकळी, सही करायला कोणाची परवानगी नको. तरी थांबली. आई हो म्हणेल तेव्हा करीन, एवढंच म्हणाली. तुमच्यावरच गेलीय ती. जिद्द तुमचीच.

मग तुमचा फोन आला. सुधीरराव कामासाठी नागोयाला होते, पोटाच्या तपासण्यांचा निकाल सांगायला डॉक्टरांनी घरच्या कोणाला तरी घेऊन या म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही मला विचारलंत की उद्या सकाळी मोकळी आहेस का. मी ऑफिसात रजा टाकली. तोझाई लाइनच्या गाडीत आपण शेजारी बसलो होतो, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, की मला नीट कळेल तेवढं मी ऐकीन, पण एखादा शब्द अडला तर तू सांग. एकही शब्द अडला नाही. डॉक्टर फार स्पष्ट बोलले. बाहेर आल्यावर तुम्ही मला स्टेशनजवळच्या दुकानात गरम कॉफी पाजलीत आणि रागावलात, रडतेस काय, पोट माझं दुखतंय. भांडण कशाने मिटलं हे आपण कधी बोललो नाही. तसंच राहू दे.

हॉस्पिटलमधली ती दुपार मी रोज आठवून बघते, प्रत्येक शब्द चाचपून. मी मेतकूट घालून मऊ भात आणला होता. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि डबा बाजूला सारलात. उशी उंच करायला सांगितलीत. मग एकदम म्हणालात की आज माझी पाळी, लंडनवाल्याची बाजू मी मांडते, तू ऐक.

मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

तुम्ही हळू बोलत होतात, मध्ये थांबून. "तो लंडनला गेला तेव्हा त्याला ठाऊक होतं की सगळं मिळणार नाही. आणि जे मिळेल त्याबद्दल घरचे त्याला कधी माफ करणार नाहीत. डब्लिनला बसलेल्यांनी मनात एक देश ठरवला होता. छान होता तो देश. पण त्यात राहणार होती त्यांची मुलं. मुलांना आपण मनात बांधलेलं घर देता येत नाही, स्वाती. त्यांना जमीन द्यायची. बांधतील ती त्यांना हवं तसं. त्याने जमीन आणली. राजाचं नाव घ्यावं लागलं म्हणून जीभ विटाळली असेल त्याची. पण विटाळली तर त्याची, पोरांची नाही. ज्याला पुढच्यांचं बघायचं असतं त्याला आपलं तोंड खराब करून घ्यावं लागतं. मी त्याच्या जागी असते तर..."

इथे तुम्ही थांबलात. मी वाट बघत होते. मग तुम्ही विचारलंत, "बरोबर?"

नियमाप्रमाणे मी "बरोबर, हेच म्हणायचंय मला" म्हणायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. तेवढ्यात नर्स आली, सलाईन बदललं, तुमचा डोळा लागला. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. मुक्ता तुमच्याजवळ होती. हात धरून. तुम्ही दोघी काय बोललात मला माहीत नाही. मुक्ता म्हणते, काहीच नाही, आई झोपूनच होती.

सांगा आता, ते काय होतं? माझी बाजू मांडायची तुमची पाळी, एवढंच? की तुम्हाला मुक्ताला काही सांगायचं होतं आणि सरळ तोंडाने सांगवेना, म्हणून आयर्लंडचं निमित्त केलंत? नियम तुमचाच. नियमाप्रमाणे बोललं ते आपलं मत नसतं. पण मी तुम्हाला इतकी वर्षं ऐकलंय, आणि मला तुमचा तो आवाज ओळखीचा वाटला नाही. वर्गातला नव्हता तो.

इथल्या स्मशानात तुमच्या अस्थी आम्ही चॉपस्टिक्सनी उचलल्या. मोरी-सान सोबत होत्या, त्यांनी दाखवलं. पायाकडून सुरुवात करायची, वरपर्यंत जायचं, म्हणजे कलशात माणूस उभा राहतो. मुक्ताने सुधीररावांच्या चॉपस्टिक्सला आपल्या लावल्या आणि दोघांनी मिळून एकेक अस्थी ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तिची काळजी वाटली.

परवा दहावा झाला. आराकावा नदीच्या काठावर, जिथे मुलं बेसबॉल खेळतात त्याच्या पलीकडे, गवतावर पिंड ठेवला. साताऱ्याचे गुरुजी फोनवर, फोन माझ्या नवऱ्याच्या हातात, आणि सुधीरराव पँटवरच उपरणं घेऊन बसलेले. कावळा शिवेपर्यंत थांबायचं. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर तो शिवत नाही, मग कोणीतरी पुढे होऊन शब्द द्यायचा, काळजी करू नका, आम्ही बघू, म्हणून. मी मनात शब्द जुळवून ठेवले होते. मुक्ताचं नाव घेऊन काय म्हणायचं ते.

वेळच आली नाही. सुधीरराव दोन पावलं मागे सरले न सरले तोच एक धिप्पाड कावळा आला आणि पिंड उचलून विजेच्या खांबावर जाऊन बसला. मागून दुसरा आला, त्याने उरलेला भात संपवला. सुधीररावांनी हात जोडले. म्हणाले, सुटली, काही मागे राहिलं नाही तिचं. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा उजेड दिसला. गुरुजीही फोनवरून म्हणाले, फार उत्तम.

मुक्ता माझ्याजवळ आली. बाबा ऐकणार नाहीत इतक्या हळू म्हणाली, "मावशी, टोकियोचे कावळे काहीपण खातात. त्याला काही अर्थ नाही."

मी म्हटलं, अगं, बाबांना बरं वाटलं ना.

"बाबांना वाटलं. मला नाही." ती नदीकडे बघत होती. मराठी शब्द शोधत बोलत होती, सहसा ती माझ्याशी जपानीतच बोलते. "तू आईजवळ होतीस त्या दुपारी. बाबा म्हणाले, आई त्या दिवशी खूप बोलली. माझ्याबद्दल काय म्हणाली? शेवटी काय म्हणाली? हो की नाही, तेवढंच सांग."

तुम्ही तिच्याबद्दल काही म्हणाला नव्हतात, ताई. एक अक्षर नाही. तुम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाबद्दल बोललात, आणि तेही नियमाप्रमाणे. हे खरं. हेच तिला सांगता आलं असतं. आईने दोन्ही बाजू मांडल्या, आता तू ठरव. ऐकायला शहाणपणाचं वाटलं असतं. आणि ती मुलगी जन्मभर ठरवत बसली असती. अर्ज भरला तरी आईचं मन मोडलं म्हणून, नाही भरला तरी आईसाठी सोडलं म्हणून. तुम्हाला विचारायची सोय नव्हती. माझ्याकडे फक्त त्या दुपारचा तुमचा आवाज होता.

मी म्हटलं, "हो म्हणाली."

तिने माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच."

मुक्ता तिथेच गवतावर बसली आणि रडली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. लहान असताना रडायची तशी, तोंड उघडं टाकून, आई, आई करत. सुधीरराव धावत आले, त्यांना वाटलं कावळ्यामुळे. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळाने ती उठली, नाक पुसलं, बाबांच्या उपरण्याची घडी केली. घरी येऊन भाताच्या दोन वाट्या जेवली. काल तिने अर्जाचे कागद टेबलावर काढून ठेवलेत.

तुम्ही रागावला असाल तर रागवा. न विचारता तुमच्या नावाने मी शब्द दिला, जे तुम्हाला कधी पटलं नसतं तेच केलं. मला खात्री नाही, ताई. पण तुम्ही त्या दुपारी "मी त्याच्या जागी असते तर" म्हणून थांबलात, आणि पुढचं वाक्य बोलायला तुमच्याकडे वेळ राहिला नाही. ते मी पुरं केलं. चुकलं असेल तर ते माझं चुकलं. मुक्ताला यातलं कधी कळणार नाही. तिला तिच्या आईने हो म्हटलंय.